दगडूच्या बिल्ल्यावर गेलेली बोटं

"दगडू, गँगरीन झालंय," डॉक्टर म्हणाले. "उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागतील."

गँगरीन म्हणजे जिवंत माणसाचं मांस सडणं. मी वळून मागे बघितलं. दगडू माझा थोरला भाऊ; मी मारुती. पण दवाखान्याच्या कागदावर मीच दगडू होतो, आणि ही करणी आमचीच.

महाळुंग्याची जत्रा होती. दादाला शर्यतीच्या घाटात आपली बैलं पळवायची होती आणि पिंपरीच्या कारखान्यात रजा मिळेना. मग त्याचा हजेरीचा बिल्ला छातीला लावून मी एका दिवसापुरता पत्रे दाबायच्या प्रेसवर उभा राहिलो. जत्रेच्या दिवसांत असं चालायचं. पाळीतली माणसं ओळखीची, सगळी गप्प. दुपारी प्रेस खाली आला आणि माझा हात आत राहिला. फोरमनने पट्टी बांधून 'किरकोळ जखम' असं लिहिलं. त्याच दुपारी दादाची बैलं पहिली आली.

चार दिवस मी घरी हळद भरत बसलो. तुम्ही बसू नका. वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग कंपनीची चिठ्ठी घेऊन, म्हणजे दादाच्याच नावाने, पुण्याच्या दवाखान्यात आलो.

अँप्युटेशन झालं. अँप्युटेशन म्हणजे कापून टाकणं. शुद्धीवर आलो तर नसलेल्या बोटांना खाज सुटलेली. खाजवायचं कुठे?

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "कामावर हात गेला की कायद्याने कॉम्पेन्सेशन, म्हणजे भरपाई मिळते. सर्टिफिकेट मी लिहून देतो."

मी म्हटलं, "नको."

कंपनीच्या लेखी जखम किरकोळ होती. मी गप्प राहिलो असतो तर पंधरा दिवसांनी दादा धडधाकट हात घेऊन कामावर गेला असता. भरपाई मागितली की सगळं उघडं पडणार. दादाला चार पोरं. मला अजून मूल नव्हतं, म्हणून मीच शहाणपणा केला.

दादा रोज यायचा, पण वॉर्डाच्या दाराशीच बसायचा. माझ्या हाताकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. शेवटी एकदा डॉक्टर ओरडले, "दगडू, हट्ट सोड! उद्या खाशील काय?"

दादा उठून आत आला. दोन्ही हात पुढे धरून म्हणाला, "सायेब, दगडू मी हाय. ह्यो मारुती. ह्येचा हात माझ्यापायी गेलाय."

"गप की दादा!" मी ओरडलो.

"न्हाई गप बसायचं आता."

डॉक्टरांनी जुनं नाव खोडून माझं नाव लिहिलं. तो कागद घेऊन दादा स्वतः कंपनीत गेला. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. आणि माझ्याबद्दल सांगितलं, की मारुती नावाचा कामगार आमच्याकडे नाही. वकिलालाही पुढे काही करता आलं नाही.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर तासभरसुद्धा उभे राहू नका. कायद्याला तुमचं रक्त दिसत नाही, फक्त नाव दिसतं.

सगळं उघडं केलं म्हणून दादाचा मला राग आला होता, खूप आला होता. पण त्या दिवशी तो दाराशीच बसून राहिला असता, तर मी भावालाही मुकलो असतो. आता रोज सकाळी तो माझ्या सदऱ्याची बटणं लावतो. हल्ली हाताकडे बघतही लावतो.