चॉकलेटवरचा बुरा

गोड खाण्याच्या बाबतीत मी कधी लाज बाळगली नाही. साठी उलटली तरी पर्समध्ये चॉकलेट असतं, आणि गेली दोन-तीन वर्षं तर मला दुकानातलं चालेनासंच झालंय. स्वतः बिया भाजून, घरच्या घरी चॉकलेट करणारी माणसं मी शोधत असते. कुठून कुठून कुरिअर मागवते आणि आल्यागेल्याला ‘बघा, ह्यात फळाचा आंबटपणा लागतो’ असं ऐकवते. आमचे हे म्हणतात, हिला नुसतं गोड पुरत नाही, वर प्रवचनही लागतं.

आमच्या सोलापूरजवळच्या कुंभारीच्या वसाहतीत एकजण चॉकलेट करते असं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली. तेलुगू विणकर घरातली, पस्तिशीची, बोलणं अस्सल सोलापुरी. केरळातून मागवलेल्या कोकोच्या बिया ती भाजायची आणि इडलीचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरमध्ये दोन दिवस वाटायची. पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि प्रवचन विसरून मी लगेच दुसरा उचलला. आपल्या गावात असं काही होतंय याचा फार अभिमान वाटला. भिशीतल्या सगळ्याजणींना मी ते चाखवलं. त्यातल्या एकीने चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी तिला साठ वड्या सांगितल्या. तिची ती पहिली मोठी ऑर्डर.

हळदीकुंकवाच्या आठवडाभर आधी मी कपाटातला माझा बार उघडला, तर वर पांढरे डाग. एप्रिलचं सोलापूर, कपाटसुद्धा तापलेलं. पण ते डोक्यात आलंच नाही. लोणच्यावर पांढरं दिसलं की बुरा, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. लगेच फोटो काढून भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘घरचं आहे, टिकत नाही. बुरा आलाय.’

ह्यांनी मात्र तोच बार चहाबरोबर संपवला आणि ठणठणीत राहिले. तेव्हा कुठे मला शंका आली. विचारायला कुंभारीला गेले, तोवर हळदीकुंकू होऊन गेलं होतं.

तिने पाणी दिलं. मी डागांचं विचारलं.

“बुरा न्हाय त्यो, काकू. उन्हानं आतलं कोकोचं लोणी वर येतंय. खाल्लं तर कायबी हुत न्हाय.”

मग तिने फ्रिज उघडून दाखवला. साठच्या साठ वड्या, एकेकीला लाल कागद. फोटो पाहून त्या बाईंनी ऑर्डर रद्द केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी आत्ता ग्रुपवर लिहिते, चूक माझी आहे म्हणून.”

“लिवा की,” ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“त्या बाई आदी ऑर्डर द्यायलाच नको म्हणत हुत्या,” फ्रिजचं दार लावता लावता ती म्हणाली. “तवा मीच म्हणलं, आमच्या काकूस्नी चॉकलेटातलं लई कळतंय. त्या म्हणतील ते खरं धरा.”