विचारून लावलेलं कुलूप

बाजाराच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे ‘हरकतताई’ म्हणत. तशा त्या भांडखोर मुळीच नव्हत्या. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाशी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. हे नाव त्यांना चिकटलं ते एका कुलपामुळे.

इमारतीत चाळीस गाळे होते, आणि गाळेधारकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते तळमजल्यावरचे चष्मेवाले काका. सलग चौदा वर्षं तेच. माणूस लाखात एक. दिवा गेला की स्वतः शिडी लावायचे, कुणी आजारी पडलं की औषधं घेऊन हजर. दरवर्षी सभेत ते विचारायचे, “मग, सर्वानुमते ना?” आणि सगळे माना डोलावून चहाकडे वळायचे. ताईही त्यातल्याच.

एका सोमवारी ताई मागच्या दाराने शिरायला गेल्या, तर दाराला भलंमोठं कुलूप. कापडाच्या पिशव्या सावरत, अख्ख्या इमारतीला वळसा घालून त्या थेट काकांच्या दुकानात गेल्या.

“काका, मागचं दार बंद करायचं कुणी ठरवलं?”

“मी. तुमच्याच भल्यासाठी, ताई. गेल्या महिन्यात दोन गाळे फुटले, विसरलात?”

“नाही विसरले. कुलूप लावायलाच हवं होतं.”

“मग?”

“विचारून लावायला हवं होतं.”

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. “मी आजवर तुमचं कधी वाईट केलंय?”

“कधीच नाही. पण उद्या करायचं ठरवलंत, तर तुम्हाला अडवणार कोण? तुम्ही चांगले निघालात हे आमचं नशीब, काका. त्यात आमचा हात काहीच नाही.”

घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. तो बसचालक. “अगं, आपण बरं, आपलं काम बरं. देवमाणसाला कशाला दुखावतेस?”

“तुमच्या डेपोत साहेब न विचारता पाळी बदलतात, तेव्हा घरी येऊन भांडी कोण आपटतं?”

नवऱ्याने हसून जेवणाचं ताट पुढे ओढलं.

संघटनेच्या नियमांची वही कुणालाच आठवत नव्हती. शेवटी ती घड्याळवाल्याकडे सापडली, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. ताईंनी ती झटकली आणि कापड बेततानाच वाचून काढली. दहा सह्या मिळाल्या तर सभा बोलावता येत होती. ताईंनी दुपारच्या सुट्टीत गाळोगाळी फिरून तेवीस मिळवल्या.

ठरल्या दिवशी सभा भरली. आधी दाराचा विषय निघाला. तासभर वादावादी झाली. मागच्या दाराने सामान आणणाऱ्या कुंभारीणबाईंनी कधी नव्हे ते तोंड उघडलं, आणि सकाळी दोन तास दार उघडं ठेवायचं ठरलं. बाकी दिवसभर कुलूप. बाजूने एकतीस हात वर झाले, त्यात ताईंचाही.

“मग एवढा खटाटोप कशाला केलात?” काकांनी विचारलं. सगळे हसले, ताईसुद्धा.

मग त्यांनी वहीतला नववा नियम वाचला : अध्यक्षाची मुदत दोन वर्षं, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा पद नाही.

हसू विरलं. काका हळू आवाजात म्हणाले, “हे मला चौदा वर्षांत कुणी वाचून दाखवलं नाही.”

“आम्हीच वाचलं नव्हतं,” ताई म्हणाल्या. “चूक आमची.”

काका खुर्चीतून उठले आणि पुढचा महिनाभर ताईंशी बोलले नाहीत. ‘हरकतताई’ हे नाव त्यांनीच रागाने पाडलं. ताईंना ते फार लागलं. दोनदा काकांच्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

केशकर्तनालयवाला नवा अध्यक्ष झाला, आणि जिन्यातला दिवा पाच दिवस गेलेलाच राहिला. “काका होते तेच बरं होतं,” लोक ताईंना ऐकवू लागले. ताईंनी शिडी आणली, दिवा लावला आणि जिन्याजवळच्या फळ्यावर दिवे बदलायची पाळी लिहून टाकली. पहिलं नाव कुरकुरणाऱ्यांच्या म्होरक्याचं. पुढचा दिवा गेला तेव्हा तो मुकाट्याने शिडी चढला.

एके दिवशी काका पँट आखूड करायला आले. ताई माप घेत असताना छताकडे बघत म्हणाले, “जिन्याला हिरवा रंग देतायत म्हणे. मी विरोध करणार आहे. तुम्ही पाठिंबा द्याल?”

“आधी मुद्दे सांगा.”

काकांनी मुद्दे सांगितले. ताईंना एकही पटला नाही. हिरवा रंग कसा चांगला हे त्या सांगत राहिल्या, काका खोडून काढत राहिले, आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं खोळंबली.