न कळलेल्या ओळी

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या फी-माफीचा फॉर्म ती शेजाऱ्यांकडून भरून घ्यायची. एकदा एक रकाना रिकामा राहिला, कारकुनाने फॉर्म परत केला आणि माझं वर्ष गेलं. तरी घरातला पहिला पदवीधर मीच. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

विल्सनला ते माहीत होतं. वसईचा, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, सिडनीतल्या ब्लॅकटाउनला माझा शेजारी. त्याला जाऊन दीड महिना झाला... लॉकडाउनमध्ये त्याच्या चर्चमधल्या बायका एकट्या म्हाताऱ्यांसाठी डबे करायच्या आणि कुणाला काय हवं ते ऑनलाइन यादीत लिहायच्या. माझा प्रोग्राम ती यादी वाचून ड्रायव्हरांना पत्ते द्यायचा. नियम मी कडक ठेवले होते. ठरल्याप्रमाणे लिहिलेली ओळच घ्यायची, बाकीची सोडायची. एका बाईंनी डब्यांचा आकडा मराठीत लिहिला. प्रोग्रामला तो वाचता आला नाही, ओळ गुपचूप गळली आणि मधुमेहाच्या फिलोमिना आजी दोन दिवस बिस्किटांवर राहिल्या.

"नियम सगळ्यांना सांगितले होते," मी म्हणालो.

"मेट," विल्सन तिथल्या सवयीने म्हणाला, "त्या बायका डबे भरता भरता हात पुसून फोनवर टाइप करतात. तू खुर्चीत बसलायस. त्रास कुणी घ्यायचा?"

"वाट्टेल ते घेतलं तर प्रोग्राम अंदाज बांधेल. उद्या शाकाहारी माणसाकडे मटण जाईल."

"मग अंदाज नको. कळलं नाही ते टाकू नकोस, माझ्यापुढे ठेव. मी फोन करून विचारतो." मग हसला. "तुझा फॉर्म परत करणारा कारकून आता तूच झालास की रे!"

मी प्रोग्राम बदलला. 'नेहमीचंच, मीठ कमी', 'जॅकरांडाच्या झाडासमोरचं घर', अशा ओळी रोज सकाळी शिफ्टआधी विल्सन फोनवर सोडवायचा. "दमलो रे," म्हणायचा, आणि पुढचा नंबर लावायचा. मग त्यालाच कोविड झाला. वेस्टमीडच्या हॉस्पिटलमधून त्याचा शेवटचा मेसेज आला, "आजच्या चार ओळी राहिल्यात." त्याच्या अंत्यविधीची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, मी स्क्रीनवर पाहिली...

त्या चार ओळींचे फोन मी केले. पुढचेही सगळे, लॉकडाउन उठेपर्यंत. फार थकलो. पण त्या यादीतली एकही ओळ पुन्हा गळली नाही, आणि कुणीही डब्यावाचून राहिलं नाही.