‘मग काय?’चा रकाना

डॉ. कुमुदताईंच्या देवळालीतल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तो छातीत धडधडतं म्हणून. बारावीत दुसऱ्यांदा नापास झालो होतो. मला कार्डिओग्राम काढून हवा होता. बाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, बराच वेळ विचारपूस केली आणि म्हणाल्या, “काढू. पण तो चांगला आला, तर तुझी धडधड थांबेल का?” मी विचार करून खरं ते सांगितलं, की नाही, मला यंत्रच बिघडलंय असं वाटेल. बाई हसल्या. धडधड कधी कधी झाली ते मी वार आणि वेळेसह एका कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला आणि अक्षर चांगलं आहे, सोमवारपासून कामाला ये, म्हणाल्या. कार्डिओग्राम राहिलाच. तो काढायला हवा होता का, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर अधिकाराने लिहिणारी मंडळी या गौरवग्रंथात आहेतच. मी फक्त त्यांच्या वहीबद्दल लिहू शकतो, कारण ती मी भरतो.

वहीत नाव, गाव, तपासणी, उपचार असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने ‘मग काय?’ असं लिहिलं आहे. तो सहा महिन्यांनी घरी जाऊन भरायचा. औषध चालू आहे का, माणूस कामावर जातो का, तपासणीने त्याचं काय बदललं. त्यावरून काय चालू ठेवायचं आणि काय सोडायचं हे बाई ठरवतात. गरोदर बायांचा रक्तदाब वाडीवस्तीवर जाऊन मोजायचं काम त्यांनी वाढवलं, कारण त्या रकान्यात वेळेवर दवाखाना गाठलेल्या बाया दिसत होत्या. ताकदीची सलाईन बंद केली, कारण तिथे काहीच दिसत नव्हतं. काही पेशंट रागावून दुसरीकडे गेले, तरी बंदच.

या शिस्तीची परीक्षा झाली ती बाईंच्याच एका शिबिरात. एका औषध कंपनीने हाडांचा ठिसूळपणा पाहायचं यंत्र एका दिवसासाठी फुकट दिलं होतं. आपल्या बायांच्या हाडांकडे कोणी बघत नाही, म्हणून बाईंनी ते उत्साहाने मागवलं. यंत्रात टाच ठेवायची, की हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा असलेला कागद मिळायचा. माझी आई खुरपणीवरून थेट चालत शिबिराला आली. तिचा कागद लाल निघाला.

सहा महिन्यांनी मी घरं फिरून रकाना भरला. आईच्या नावापुढे तिला न विचारताच ‘ठीक’ लिहिलं. बाईंचं बोट नेमकं तिथे थांबलं. हिला विचारलंस का, म्हणाल्या. मी म्हणालो, घरातच असते, तिला काय विचारायचं? बाई त्याच दिवशी आमच्या घरी आल्या.

आई कॉटवर बसली होती. खुरपायला जाता का, असं बाईंनी विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यो जाऊ देतो व्हय? हाडं काचंची झालीत म्हनं माझी. कळशी उचलायची न्हाई, वाकायचं न्हाई, शेळी सोडायची न्हाई. बाई, मी कुठं पडले न्हाई, पन पडल्यावानी बसवून ठिवलंय मला.”

बाईंनी तिला उभं राहायला सांगितलं. हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येईना.

मी हे सगळं काळजीपोटी केलं होतं. बाई मला रागावल्या नाहीत. “कागद मी दिला होता,” एवढंच म्हणाल्या. ‘ठीक’ खोडून तिथे आईचे शब्द त्यांनी मला लिहायला लावले. मग लाल कागदाची सगळी घरं आम्ही दोघं पुन्हा फिरलो. पक्की तपासणी करायला नगरला कोणी गेलं नव्हतं. शिबिरात दिलेल्या गोळ्या थोडे दिवस घेऊन सोडल्या होत्या. भीती मात्र घरोघर टिकून होती.

मारुतीच्या देवळासमोर बाया जमवून बाईंनी सांगितलं, “या यंत्रावरून रोग ठरत नाही. लाल निघालं तर पुढे काय करायचं, हा विचार शिबिराआधी करायला हवा होता. मी केला नाही, माझं चुकलं. साध्या पडण्याने जिचं हाड मोडलं असेल तिला मी स्वतः नगरला नेते, बाकीच्या हिंडाफिरायला लागा.” आमच्या शेजारच्या गयाबाई मागून म्हणाल्या, “मंग बाई, आमची हाडं आजपासून पक्की झाली म्हनायची का?” सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. “होती तशीच आहेत, गयाबाई. घाबरवलं मी तुम्हाला.”

चारचौघांत असं बोलणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही.

आई हळूहळू खुरपणीला जाऊ लागली. उद्या ती खरंच पडली तर, असं मी बाईंना विचारलं. “पडू शकते,” त्या म्हणाल्या. “तसं झालं तर तेही रकान्यात लिही.” या उत्तराने माझी काळजी गेली नाही. पण खोटा धीर त्यांनी मला कधीच दिलेला नाही, म्हणून त्यांच्या बाकीच्या शब्दांवर मी विसंबतो.

गौरव समितीने या निमित्ताने सगळ्या तपासण्यांचं मोठं शिबिर ठरवलं होतं. सहा महिन्यांनी घरोघर कोण जाणार, एवढंच बाईंनी विचारलं. आता शिबिर फक्त रक्तदाबाचं आहे, आणि घरोघर मी जाणार आहे.

सत्काराला आई चालत येणार म्हणते. मी मोटारसायकलवर नेतो म्हणालो, तर म्हणाली, तूच बस गाडीवर. बहुधा मी गाडी हाताने ढकलत तिच्या मागून येईन. बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. आईच्या नावापुढचा रकाना अजून भरून झालेला नाही, आणि तो तपासायला बाई हव्यात.