रांगोळीच्या मधोमध

पाडव्याच्या सकाळी सोसायटीच्या अंगणात मोठी रांगोळी काढायला बसले आणि उत्साहाच्या भरात कडेपासून आत आत रंग भरत गेले. शेवटचा ठिपका देऊन मान वर केली, तर मीच मधोमध अडकलेली! चारी बाजूंना रंग, पाय ठेवायला जागा नाही.

मला हसूच आलं. आदल्या संध्याकाळी नातीनं विचारलं होतं, "आजी, आपण आकाशगंगेच्या आतच राहतो ना? मग पुस्तकात तिचा अख्खा फोटो कुणी काढला?"

तो फोटो नाहीच गं, चित्र आहे, असं मी तिला सांगितलं. बाहेर जाऊन आकाशगंगा बघून आलेलं कुणी नाही. माणसांनी आत बसूनच ताऱ्यांची अंतरं मोजली आणि तिचा आकार ताडला. आपल्याला अख्खी दिसते ती शेजारची दुसरी आकाशगंगा, देवयानी. तिथं कुणी असलंच, तर त्याला आपली आकाशगंगा अख्खी दिसत असेल, स्वतःची मात्र नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून शेजारच्या मालूताई ओरडल्या, "अहो, काय सुरेख दिसतेय! थांबा, हलू नका. तुमच्या डाव्या हाताला दोन पाकळ्यांच्या मध्ये जागा आहे, तिथं पाय टाका."

मला ती जागा दिसतही नव्हती. त्यांच्या भरवशावर पाय टाकत बाहेर आले. एक रेघ विस्कटली नाही. वर बघून हात जोडले.

देवयानीतून कुणी आपल्याला 'सुरेख' म्हटलं, तरी ते इथवर पोचायला लाखो वर्षं जातील. मालूताईंचं 'सुरेख' मात्र मी पाऊल उचलायच्या आत पोचलं होतं.