आप्पांच्या वखारीतले माऊस

थांबा, जेवण राहू दे, हे आधी सांगतो! आत्ताच निपाणीहून आलोय आणि सांगितल्याशिवाय मला बसवणार न्हाय.

मी बेळगावात एका कॉम्प्युटर शॉपमध्ये सर्व्हिसला आहे. निपाणीतली एक तंबाखूची वखार आमची कस्टमर. तिथं माऊस टिकतच न्हाय. दोन बदलून झाले, आज तिसरा घेऊन गेलतो. आत पाय ठेवला आणि मालक, म्हणजे आप्पा, सुरू झाले.

"एक तर तुझा माल डुप्लिकेट, न्हायतर हिचा हात जड. एकाच्या जागी दोन बिलं निघत्यात! सोमवारपासून दुसरा ऑपरेटर येतोय. ही परत पॅकिंगला."

ही म्हणजे बिलिंगच्या रेखाक्का. आप्पा आंघोळ करून आलते, तसेच पूजेला गेले. रेखाक्का हळूच म्हणाल्या, "पॅकिंग करत करत कॉम्प्युटरचा क्लास केला रं मी. आता परत तिकडं गेले तर घरातले म्हणतील, झालं का शिकून?"

"आक्का, दाबून दाखवा बघू."

त्यांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं दाबलं. तरी दोन बिलं! हात जड कुठला?

आता बघा, माऊसच्या बटणाखाली एक बारकं स्विच असतं. आत पातळ पट्टी. दाबलं की टक, सोडलं की परत वर. लाखो वेळा दाबलं तरी ती तग धरते. पण आत घाण गेली की पट्टी अडखळते आणि एका दाबात दोन क्लिक जातात. याला आम्ही डबल क्लिक म्हणतो.

मला वाटलं, तंबाखूची धूळ. स्क्रू काढला, झाकण उघडलं. धूळ होती थोडी, पण डाव्या स्विचवर वाळलेला थर. लाल. मधे मधे पिवळा!

"आक्का, हे काय?"

त्या बघेपर्यंत आप्पा पूजेचं ताट घेऊन आले. तिजोरीला लावलं, तराजूला लावलं, आणि मी नुकत्याच जोडलेल्या कोऱ्या माऊसवर, बरोबर दोन बटणांच्या फटीत, ओल्या हळदीकुंकवाचं बोट!

मी जुना माऊस पुढं केला. आप्पांनी उघडा माऊस बघितला, मग आपलं बोट बघितलं.

"म्हंजे मीच व्हय रं?"

मी मान खाली घालून नवा माऊस पुसायला लागलो.

"आणि मी उगं हिला बोलतोय! पर पूजा न्हाय चुकवायची बघ."

"कशाला चुकवायची आप्पा?" रेखाक्का म्हणाल्या. "हा मेलेला ठेवू तिजोरीवर. रोज त्यालाच लावा. कामाचा माझ्याकडं द्या."

आप्पा असे हसले की बाहेरचे हमाल डोकावले. तिथंच फोन लावला, "सोमवारी येऊ नगं रं. आमची रेखा हाय."

येताना बघितलं, तिजोरीवर मेलेला माऊस फूल घालून बसलेला. धडधाकट असताना एवढा मान नव्हता बिचाऱ्याला.

मी शिकलो ते एवढंच: माऊस का गेला ते माऊसला उघडून विचारायचं, माणसाला झापून न्हाय. आता तुम्ही सांगा, तुमच्या ऑफिसात पण कुणाचा हात असाच उगीच जड ठरलाय का?