कढई आधी की ढोलकी आधी

सासरे पावसाळ्यात गेले. डिसेंबर लागला आणि आमच्या विश्रामबागेतल्या घरात उत्तेजन सुरू झालं.

एखाद्या घरातलं माणूस गेलं की पहिल्या नाताळाला त्या घराला धीर द्यायचा, ही आमच्या चर्चच्या मंडळीची पद्धत. या धीरालाच आमच्यात उत्तेजन म्हणतात. पद्धत चांगली आहे. फक्त धीर देणारे पाळीपाळीने येतात आणि घेणारी माणसं तीच राहतात. सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलावर छापलेलं बायबलचं वचन यायचं. संध्याकाळी तेच वचन घेऊन माणसं यायची. चहा मी करायचे. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. तिथे प्राचार्यांनीही मला इतका चहा करायला लावला नसता.

एका संध्याकाळी भगिनी मंडळाच्या सचिवबाई चौघी-पाचजणींना घेऊन आल्या. सगळ्यांच्या हातात रुमाल तयार होते. सचिवबाईंनी सासूबाईंचा हात हातात घेतला.

"आई, झोप लागते का हो?"

"लागती की. पाठ टेकली की लागती."

"जेवण जातं का?"

"आज वांगं केलतं हिनं. मीठ कमी हुतं. पर गेलं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रडायच्या तयारीने एवढ्या लांब आलेल्या, आणि इथे वांग्याचं मीठ.

"आतल्या आत काही ठेवू नका, आई," सचिवबाई म्हणाल्या.

"आत अ‍ॅसिडिटी हाय जरा. गोळी घेतीया," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडवून घेतला. "त्ये ऱ्हाऊ दे. गाण्याची फेरी कवा येनार?"

नाताळाच्या आधी आमची मंडळी टेम्पोतून घरोघरी गाणी म्हणत फिरते. ढोलकी, झांजा, लाल टोप्या, आणि दर घरी करंज्या. हे घर बांधलं तेव्हापासून फेरी आमच्या दारात थांबत आली आहे.

"यंदा तुम्हाला त्रास द्यायचा नाही असं कमिटीत ठरलंय," सचिवबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "दुःखाच्या घरी ढोलकी बरी दिसत नाही. पुढच्या वर्षी नक्की येऊ."

त्या लांबलचक प्रार्थना करून गेल्या. सासूबाईंचा चहा तसाच राहिला.

"पुढल्या वर्षी कोन येतंय?" त्या मला म्हणाल्या. "माधवनगरातल्या नर्सबाईचा नवरा गेला, तवा तिचं घर एक साल सोडलं. आता टेम्पो तिच्या गल्लीच्या तोंडावरनं पोंपों करत जातो, वळत न्हाई. माणूस गेला त्यो गेला. आता घर बी गेलं म्हणायचं व्हय?" मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला त्येंचं उत्तेजन नगं. फेरी पायजे. ढोलकीसकट."

मी सचिवबाईंना फोन लावला. त्यांनी कमिटीला विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: येऊ, पण ढोलकीशिवाय, टोप्यांशिवाय, आणि एकच संथ गाणं म्हणू. कुठलं, तेही सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "त्ये मातीच्या वक्ताला म्हणून झालंय. नाताळ हाय का मयत हाय त्येंच्याकडं?"

मी पुन्हा फोन केला. आता सचिवबाई जरा तापल्या. "अहो, तुमच्या घरी अजून कढई तरी चढलीय का? फराळ तळलेला नाही म्हणजे दुखवटा आहे. दुखवट्याच्या घरी आम्ही ढोलकी कशी आणायची? लोक काय म्हणतील?"

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंडळीनं येऊन तोंड गोड केल्याबिगर मी कढई कशी चढवू? बाहेरच्या मानसानं दुखवटा काढायचा असतो. आपल्या हातानं काढला तर लोक काय म्हंतील?"

म्हणजे मंडळी कढईसाठी थांबली होती आणि कढई मंडळीसाठी. दोन्हीकडचे लोक मात्र एकच होते, आणि ते अजून काहीच म्हणाले नव्हते.

मी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. तरुण माणूस, स्वभावाने गरीब, कमिटीला घाबरून असतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करतो." प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. पण फेरी दोन दिवसांवर आली होती आणि करंजीचं सारणही व्हायचं होतं.

फेरीच्या दिवशी दुपारी मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या जैन, त्यांची हळदीची पेढी आहे. म्हटलं, "काकू, आमच्या आईंचं तोंड गोड करायचंय. बाहेरचं माणूस पाहिजे."

"आवं, मग आदी सांगायचं की! आमी गप बसलोय, तुमचं काय चालतंय काय न्हाई म्हणून." त्या बेसनाचा लाडू घेऊन तशाच चपला घालून निघाल्या.

त्यांनी लाडू पुढे केला तेव्हा सासूबाईंनी पदर सावरला. "तुमाला चालतं का आमच्यातलं हे?"

"लाडवाला काय न चालायला? आ करा."

सासूबाईंनी आ केला. डोळ्यांतून पाणी आलं, पण लाडू तोंडात असल्यामुळे त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. तो खाऊन झाल्यावर त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायलीस? मैदा काढ."

मी स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तुपाचा वास रस्त्यापर्यंत जाईल याची काळजी घेतली.

संध्याकाळी टेम्पो आला. कमिटीच्या ठरावाप्रमाणे मंडळी हळूच उतरली, चेहरे पाडून आत आली आणि ओळीने उभी राहिली. ढोलकी गाडीतच होती. सचिवबाईंनी संथ सूर लावायला तोंड उघडलं आणि तुपाच्या वासाने नाक वर केलं.

"कढई चढली?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"दुसरा घाणा चालू आहे."

"दुखवटा कुणी काढला?"

"शेजारच्या काकूंनी."

सचिवबाई बुचकळ्यात पडल्या. याबद्दल कमिटीत काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी करंज्यांच्या ताटाकडे पाहिलं, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच त्यांनी कमिटीला न विचारता एक निर्णय घेतला. "ढोलकी आणा," ते म्हणाले.

मग टोप्याही आल्या. काकू कुंपणापाशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. गाणी ठरल्यापेक्षा जास्त झाली आणि करंज्या कमी पडल्या. सगळे खाण्यात गुंतल्यामुळे त्या संध्याकाळी कुणीही सासूबाईंना उत्तेजन दिलं नाही. त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदाच नीट दिसत होता.

मंडळी निघाली तेव्हा त्या फाटकापर्यंत गेल्या, सचिवबाईंना ओलांडून थेट टेम्पोच्या ड्रायव्हरपाशी.

"ह्यो रस्ता ध्यानात ठेव रं," त्याला म्हणाल्या. "आनि पुढल्या साली आदी आमच्याकडं ये. हितं पोचूस्तवर ह्येंचा आवाज बसतोय."